शैलाताईची घडी

शैलाताई परबने भरलेली बॅग ज्याने एकदा पाहिली, त्याला पुढे जन्मभर स्वतःच्या बॅगेची लाज वाटते. मला अजून वाटते. मागच्या आठवड्यात बहिणीकडे मुलुंडला राहायला निघाले, कपडे कोंबले, चेन ओढली आणि हात थांबला. ती असती तर काही बोलली नसती. बॅग माझ्या हातातून काढून घेतली असती, सगळं पलंगावर ओतलं असतं आणि "चहा टाक गो" म्हणून मला स्वयंपाकघरात पिटाळलं असतं. चहा होईपर्यंत सामान सगळं आत आणि बॅग अर्धी रिकामी. ती जाऊन दोन पावसाळे झाले. मी बॅग तशीच कोंबलेली घेऊन मुलुंडला गेले.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमच्या कंपनीचा गाळा आहे. एका बाजूला मिठाईचे खोके छापणारा, दुसऱ्या बाजूला पँटच्या चेन बनवणारा, आणि मधे आम्ही, अंतराळयान बनवणारे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही अजूनही "खोकेवाल्याच्या बाजूला" असंच सांगतो. यान म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. घरातल्या पाण्याच्या पिंपाएवढं, खाली रुंद, वर निमुळतं, आकाराने थेट मोदक. दुसऱ्या कुणाच्या तरी रॉकेटवर कोपऱ्यात जागा मिळवून त्याने वर जायचं, काही दिवस पृथ्वीभोवती फिरायचं आणि मग पॅराशूट उघडून समुद्रात उतरायचं. वजनच नसलेल्या त्या दिवसांत आत ठेवलेल्या पेशींचं, जिवाणूंचं, स्फटिकांचं काय होतं ते संशोधकांना बघायचं असतं. बघायचं तर वस्तू हातात परत यायला हवी. वस्तू परत आणून देणं हा आमचा धंदा.

कागदोपत्री त्या यानाला एक भारदस्त संस्कृत नाव होतं. ते आमच्या मालकाने, नचिकेतने, बरेच दिवस खपून शोधलं होतं. शैलाताई कामावर आली त्या पहिल्याच दिवशी तिने यानाभोवती एक चक्कर मारली, बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि विचारलं, "ह्या डब्यात भरायचं काय काय आहे?" तेव्हापासून तो डबा. पुढे नचिकेतही डबाच म्हणायला लागला. पाहुणे आले की तेवढा सांभाळून असायचा.

ती मूळची देवगडकडची, वडील गिरणीत, वाढली लालबागला, पण हे सगळं मला बऱ्याच नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आम्हाला ठाऊक होतं ते इतकंच की तिने सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात पॅराशूटच्या घड्या घालण्यात आणि घालायला शिकवण्यात काढली, निवृत्त होऊन चारकोपला सेक्टरमध्ये राहायला आली आणि घरी बसून कंटाळली. आमच्याकडे तिचं काम दोन प्रकारचं. डब्यात नमुन्यांच्या कुप्या अशा बसवायच्या की काही झालं तरी फुटता कामा नयेत, आणि पॅराशूटची घडी घालायची. माझं काम चाचण्यांचं. तिने भरलेला डबा मी कंपनयंत्रावर ठेवायचे आणि गदागदा हलवायचे. म्हणजे आमचं नातं पहिल्यापासून सासू-सुनेचं. मी यंत्र चालू केलं की ती पाठ फिरवून उभी राहायची. बंद केलं की विचारायची, "झालं समाधान?"

ती अंगाने ठेंगणी, साडी सुती, पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. नखं इतकी बारीक कापलेली की बघताना आपलंच बोट दुखावं. नख असलं की कापडाला खेच पडते, म्हणायची. घडीच्या दिवशी बांगड्या काढून एका डबीत ठेवायची. आणि घडीच्या दिवशी ती आंबा खात नसे. मालवणी बाई, मे महिना, भावाने देवगडहून पाठवलेली पेटी घरात वास मारतेय, आणि ही आंब्याकडे बघायचीसुद्धा नाही. "हात कितीही धू," ती म्हणायची, "कापडाला कळतं."

कापडाला काय काय कळतं याची तिची यादी मोठी होती. कापडाला घाम कळतो, राग कळतो, आणि सगळ्यात आधी घाई कळते. आमच्या गाळ्यात पॅराशूट पूर्ण पसरायला जागा नव्हती. म्हणून सेक्टरच्या वेल्फेअर हॉलमध्ये, सकाळच्या योगवर्गाच्या बायका गेल्या की आम्ही सतरंज्या अंथरून लाल-पांढरं पॅराशूट पसरायचो. ती अनवाणी, गुडघ्यांवर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायची. प्रत्येक पट्ट्यावर तळहात फिरवायची, दुमडायची, पुन्हा फिरवायची. आम्ही दोऱ्या धरून उभे. एकदा नचिकेतने घड्याळाकडे पाहिलं. तिने सगळी घडी उलगडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी हॉलबाहेर एका साखरपुड्याची माणसं फुलांच्या टोपल्या घेऊन ताटकळत उभी होती. नचिकेतने परत घड्याळ बघितलं नाही.

तिने लग्न केलं नव्हतं. का, ते मी एकदा विचारलं. म्हणाली, "एक आलेला बघायला. रत्नागिरीहून आलेला. बॅग उघडून फोटो बाहेर काढला तर आत शर्टात चप्पल. मी आईला सांगितलं, ह्याच्याकडे मला नाही द्यायचं." हे खरं की खोटं, मला माहीत नाही. सांगताना ती हसत नव्हती.

सेक्टरमध्ये तिची वेगळीच ख्याती होती. कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची मुलगी कॅनडात. त्यांच्यासाठी लोणचं, मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं पाठवायची तर बांधून द्यायला लोक शैलाताईकडे यायचे. तिने बांधलेली लोणच्याची बरणी विमानातून, बेल्टवरून, टॅक्सीतून जाऊन पोचली तरी तेलाचा एक थेंब बाहेर नाही. बरण्या तिच्या स्वतःच्या, जाड काचेच्या, लालबागहून आणलेल्या. अट एकच, "बरणी परत आणायची हां, येतील तेव्हा." सगळे हो म्हणायचे आणि कुणी आणायचं नाही. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर त्या बरण्यांच्या जागा तशाच मोकळ्या होत्या. मी एकदा तिथे डाळीचा डबा ठेवायला गेले तर म्हणाली, "तिथे नको गं, ती ह्यूस्टनची जागा आहे." शेजारची जागा टोरांटोची. ती रोज त्या मोकळ्या जागा पुसायची. मला आधी हसू आलं होतं. आता त्या फळीची आठवण आली की हसू येत नाही.

डब्याची पहिली समुद्रातली चाचणी मढजवळ झाली. वर जायचा खरा डबा तो नव्हता, तशाच मापाचा दुसरा होता. पाण्यात तरंगतो का, रेडिओवरून हाक देतो का, एवढंच बघायचं होतं. लांबून दिसावा म्हणून आम्ही त्याला छान भगवा रंग दिला. मच्छीमार होडी भाड्याने घेऊन गेलो, किनाऱ्यापासून चांगलं आत डबा पाण्यात सोडला आणि हाक ऐकत बसलो. थोड्या वेळाने रेडिओत पाणी शिरलं आणि हाक बंद पडली. "काही हरकत नाही," नचिकेत म्हणाला, "रंग दिसेल." आणि मग आम्ही मान वर करून बघितलं. कोळ्यांच्या जाळ्यांना बांधलेले तरंगते गोळे भगवेच असतात हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. समुद्रभर भगवे ठिपके. दुपारपर्यंत आम्ही एका गोळ्याकडून दुसऱ्याकडे होडी पिटाळत होतो आणि ज्यांची जाळी होती ते लांबून शिव्या घालत होते. शैलाताई होडीच्या टोकाला बसून होती. तिला समुद्र लागत नसे. मला लागतो, त्यामुळे बाकीचं मी फारसं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात फोन आला. डब्यावर आमचा नंबर रंगवलेला होता. बाईचा आवाज, खणखणीत, "तुमचा टप हाय आमच्याकडं. न्यायचा हाय की मासं ठेवू त्यात?"

ती कमळाबाई. मढच्या कोळीवाड्यात तिचं घर, मुलगा आणि नातू होडीवर, ती स्वतः मासळी विकायला मालाडला. आम्ही गेलो तेव्हा डबा तिच्या ओट्यावर होता. गोड्या पाण्याने धुतलेला, कोरडा पुसलेला, वर कुंकवाचं बोट लावलेलं. नचिकेतने आभार मानून डबा उचलायला हात घातला तर तिने त्याला थांबवलं. झाकण उघडायला लावलं, घरातून सुक्या बोंबलांचा कागदात बांधलेला जुडगा आणला आणि आत ठेवला.

"अहो नको, आत नाजूक यंत्रं आहेत," नचिकेत कळवळून म्हणाला.

"आसूं दे. आमच्यात परत देताना भांडा रिकामा देत नाय."

नचिकेत माझ्याकडे बघायला लागला आणि मी दुसरीकडे. शैलाताई मात्र फतकल मारून ओट्यावर बसली. "आमच्यातही नाही देत," ती कमळाबाईला म्हणाली. "साखर तरी घालतात चमचाभर." मग दोघी अशा काही गप्पांना लागल्या की आम्ही उभ्याउभ्या कंटाळलो. मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती. परत येताना टॅक्सीत डबा मांडीवर घेऊन बसली आणि चारकोप येईपर्यंत त्याच्यावर हात ठेवून होती. गाळ्यातल्या आमच्या त्या निर्जंतुक खोलीला पुढे कित्येक दिवस बोंबलांचा वास येत होता. चेनवाल्याने येऊन विचारलं, नवीन धंदा सुरू केलात का.

त्यानंतर पहिल्या उड्डाणाची वेळ आली आणि भांडण झालं. नचिकेतचा बेत असा, की पहिली खेप धोक्याची, म्हणून आत नमुने नकोत, त्यांच्या वजनाच्या लोखंडी पट्ट्या ठेवायच्या. हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. शैलाताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रिकामा जाणार?"

"रिकामा नाही ताई, वजन आहे ना आत."

"लोखंड भरून कोणी डबा पाठवतं का रे कोणाकडे?"

"ताई, ही चाचणी आहे."

"बरं. आणि आला परत, तर उघडून बघायचं काय? पट्ट्या? त्या तर इथेच आहेत, आत्ताच बघ."

आठवडाभर तो हिशेब मांडत राहिला आणि ती तेच विचारत राहिली. शेवटी त्याने हात टेकले. घाटकोपरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाई दह्याच्या जिवाणूंवर काम करत होत्या, अंतराळवीरांच्या पोटाला ते उपयोगी पडतील का म्हणून. त्यांचा नंबर दुसऱ्या उड्डाणात होता, तो पहिल्यात आला. पट्ट्या निघाल्या, कुप्या बसल्या. त्यातली एक कुपी शैलाताईच्या घरच्या विरजणाची. तिच्या आईच्या हातचं विरजण, एका दह्यातून दुसऱ्या दह्यात, गावाहून लालबागला आणि लालबागहून चारकोपला चालत आलेलं. प्राध्यापक बाईंना शास्त्र म्हणून तेही हवंच होतं. शैलाताईने ती कुपी बसवली तेव्हा मी शेजारी होते. तिचे डोळे भरले होते आणि मी बघतेय म्हटल्यावर ती माझ्यावरच खेकसली, "दिवा धर नीट."

पॅराशूटची शेवटची घडी वेल्फेअर हॉलमध्ये झाली. बांधून झाल्यावर तिने त्या गाठोड्यावर हात ठेवला. घरातून कुणी निघालं की आपण "जातो" म्हणू देत नाही, तसं काहीसं तिच्या मनात असावं. "ये हां," असं हळूच म्हणाली.

डबा वर गेला. नीट फिरला. रोज सकाळी ती गाळ्यात आली की पहिल्यांदा विचारायची, "आमचो डबो खंय पोचलो?" आणि मी पडद्यावर बोट ठेवून दाखवायचे. परत यायच्या दिवशी आम्ही सगळे पडद्यासमोर. अरबी समुद्रात आमचं भाड्याचं जहाज वाट बघत उभं. हवेत शिरताना डबा तापतो, त्याचं कवच जळतं, त्या वेळी हाक बंद होते. ती झाली. मग परत लागली. नचिकेतने डोळे पुसले. आता पॅराशूट उघडायचं होतं, आणि नेमकी त्याच घटकेला हाक बंद पडली. ती परत लागली नाही. जहाज जितके दिवस ठेवता आलं तितके दिवस शोधत राहिलं. काही सापडलं नाही.

अहवाल नचिकेतनेच वाचून दाखवला. पॅराशूट पूर्ण उघडलं नसावं, त्यामुळे डबा जोरात पाण्यावर आपटून बुडाला असावा, असं त्यात होतं. वाचताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

"नसावं म्हणजे?" तिने विचारलं.

"ताई, कुणावर बोट ठेवलेलं नाहीये."

"मी बोटाचं विचारलं नाही. उघडलं की नाही, ते विचारलं."

"माहीत नाही," नचिकेत म्हणाला. "खरंच माहीत नाही, ताई."

तिने मान हलवली आणि डबा खाऊन घ्यायला गेली. त्या दिवशी तिने पोळी-भाजी आणली होती आणि ती तिने सगळी संपवली. मला बरं वाटलं. मी मूर्ख होते, आणखी काय.

चार दिवसांनी तिच्याकडे गेले तर शेजारच्या कुलकर्णीबाई दारात उभ्या. हातात कैरीचं लोणचं, मुलगी सिडनीला. शैलाताई त्यांना सांगत होती, "माझ्याकडून नको आता. दुकानात मशीनने बांधून देतात, तिकडे द्या."

"अहो पण तुमच्यासारखं..."

"माझा हात गेला," ती म्हणाली आणि दार लावलं.

आत हॉलमध्ये पलंग भिंतीला सरकवलेला होता. जमिनीवर जुन्या नऊवाऱ्या जोडून शिवलेलं एक मोठं गोल कापड, त्याला पडद्याच्या दोऱ्या. ती गुडघ्यांवर बसली, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "डावीकडची दुमड मी आधी घेतली की नंतर, गो?" तिने मला विचारलं. "तू दोरी धरलेली. तुला आठवतं?" मला आठवत नव्हतं. "मलाही नाही आठवत," ती म्हणाली. "हजारदा घातलेली घडी, तीच नेमकी आठवत नाही. डबा जाऊ दे, मंजू. मला एवढं कळू दे, उघडलं की नाही." मी तिच्या शेजारी बसले. मी म्हटलं, विरजण तर घरी आहेच. तर म्हणाली, "घरचं आहे. वर गेलेलं नाही."

पुढे ती कामावर येत राहिली, कुप्या भरत राहिली, पण घडीला हात लावेना. मधेच एक दिवस मढला कमळाबाईकडे जाऊन आली. डब्याचा फोटो देऊन आली आणि सांगून आली की कुठल्याही होडीला हा दिसला तर कळवा. कमळाबाईने तो नातवाला दिला, नातवाने होडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो सातपाटीला गेला, हर्णैला गेला, थेट मालवणपर्यंत पोचला. आणि शैलाताईच्या फोनवर फोटो यायला लागले. एक हेल्मेट. फ्रिजचं दार. गॅसचा सिलिंडर, शेवाळ धरलेला. विसर्जनाचा चौरंग. भगवे गोळे तर किती. प्रत्येकाखाली एकच प्रश्न, "ताई, हा का?" ती चष्मा लावून प्रत्येक फोटो मोठा करून बघायची आणि प्रत्येकाला सावकाश बोटाने उत्तर लिहायची, "नाही भाऊ. पण विचारलंत, बरं वाटलं." गाळ्यात काम चालू असताना तिचा फोन वाजला की आम्ही सगळे हात थांबवून तिच्याकडे बघायचो. ती मान हलवायची आणि आम्ही कामाला लागायचो.

ती वाळत गेली. कांदिवलीच्या डॉक्टरांनी हृदयाचं निदान केलं आणि जिने चढू नका म्हणून सांगितलं. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नव्हती. "मग काय उडत जाऊ?" असं तिने त्यांना विचारलं.

कमळाबाईच्या नातवाचं लग्न ठरलं. हळदीला यायचंच म्हणून तिचे चारदा फोन आले. मी म्हटलं, शैलाताई, झेपणार नाही तुला. म्हणाली, "तू चल मग माझ्याबरोबर, पडले तर उचलायला." मालाडहून बसने आम्ही मढला गेलो. कोळीवाड्यात शिरलो, ढोलकी लांबून ऐकू येत होती, आणि कमळाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी ती एकदम थांबली. मला वाटलं, धाप लागली. मी तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

कमळाबाईच्या अंगणावर, घराच्या कौलांपासून समोरच्या माडापर्यंत, मांडव म्हणून एक कापड ताणून बांधलं होतं. लाल आणि पांढरे पट्टे. मधोमध गोल भोक, आणि त्यातून उन्हाचा एक गोळा खाली पाटावर बसलेल्या नवऱ्या मुलाच्या डोक्यावर पडला होता.

ती गर्दीतून सरळ आत गेली, एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढली. मी ओरडले. तिने ऐकलं नाही. कापडाची कड हातात घेऊन उलटी केली, शिवण बघितली, आणि पट्ट्यापट्ट्यावरून नजर फिरवत गेली, जशी हॉलमध्ये हात फिरवायची तशी. कुठे फाटलं नव्हतं, कुठे चुरगळून बसलं नव्हतं. मग खाली उतरली.

"हे कधी मिळालं गो, कमळाबाई?"

"गेल्या साली. नातवाच्या जाल्यात आला, लांब आत. भारी मजबूत फडका. दोऱ्या तेवढ्या कापल्या आनि माल्यावर ठेवला लग्नासाठी."

"आणि मला नाही सांगितलंस?"

कमळाबाईला काही कळेना. "तुमी डबा इचारलेला ना? फडक्याचं कोन बोललं?"

खरंच कुणी बोललं नव्हतं. पॅराशूट उघडलंच नाही, गाठोड्यासकट डब्याबरोबर तळाला गेलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. शैलाताईही. म्हणून फोटो गेला तो डब्याचा, आणि ते कापड इतके दिवस ज्या घरातून शोध सुरू झाला त्याच घराच्या माळ्यावर पडून होतं. नातू पाटावरून हळदीच्या अंगानेच उठला आणि दोऱ्यांची टोकं जिथे एकत्र येतात ती लोखंडी कडी आतून घेऊन आला. होडी बांधायला ठेवली होती त्याने. मी ती हातात घेतली. ही कडी डबा पाण्यात सावकाश टेकला तरच सुटते, आपटला किंवा कुणी तोडली तर वाकडी होते. ती व्यवस्थित सुटलेली होती. मी तसं तिला सांगितलं, पण तिला ते माझ्याआधी दिसलं होतं.

मी नचिकेतला फोन लावला. तो ओरडायलाच लागला, आत्ताच्या आत्ता काढून आणा, गाडी पाठवतो. तिने फोन माझ्या हातातून घेतला. "आज नाही रे. हळद आहे. पोराला उन्हात बसवू काय? उद्या आण." आणि फोन बंद करून मला परत दिला.

मग ती मांडवाखाली खुर्चीत बसली. कमळाबाईने मासळीची ताटं आणली. तिने ताट मांडीवर तसंच ठेवलं.

"उघडलं होतं गो," ती म्हणाली.

"हो."

"पूर्ण उघडलं होतं."

"हो, शैलाताई."

"म्हणजे सावकाश उतरला तो. आपटला नाही." तिने ताट बाजूला सरकवलं. "म्हणजे आहे गो कुठेतरी."

मी तिला म्हणू शकले असते की त्याला पाण्यावर तरंगत ठेवणारा फुगा फुटला असेल, पाणी शिरलं असेल, एवढ्या दिवसांत काहीही झालं असेल. ते काम मला चांगलं येतं. पण मी तसं म्हटलं नाही. मलाही तो तेव्हा दिसत होता, भगवा, पाण्यावर वरखाली होणारा, आत तिच्या आईचं विरजण.

माझ्या मुलाची शाळा सुटायची होती, मला निघावं लागलं. कमळाबाई तिला त्या दिवशी सोडणार नव्हती. त्याच आठवड्यात शैलाताई चारकोपला झोपेतच गेली, त्यामुळे मी तिला पाहिली ती हीच शेवटची. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं. खाडीकडून वारा सुटला होता. तो कापडाखाली शिरला की ते फुगून वर जायचं, ताणून गोल व्हायचं, आणि वारा पडला की हळूहळू खाली यायचं. बायका तिच्या गालांना हळद फासत होत्या, तिला उठवायला बघत होत्या. ती हसत मान हलवत होती आणि कापड भरलं की दर वेळी वर बघत होती.